पाठीखालची थंडी

बाबा माझ्या पाठीला कान लावून ऐकायचे. हिवाळ्यात सकाळी चहाच्या आधी मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायची. ते चष्मा काढून ठेवायचे आणि त्यांचा गार कान माझ्या खांद्याच्या हाडाखाली टेकायचा. "श्वास घे. सोड. घाई नको." आत शिट्टी वाजत असेल तर ते बोलत काहीच नसत. नुसती खिडकी लावून घेत, आणि खिडकीच्या आवाजावरून ओळखून आई पाणी तापत ठेवायला उठे. मी वीस वर्षांची झाले, पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आले, तरी हा कार्यक्रम चुकला नव्हता.

त्याला कारण होतं. आठवीत असताना आमच्या शाळेची सहल डहाणूला गेली होती. परतताना बसमध्ये मला दम लागला. शेजारी मैत्रीण होती, पुढच्या सीटवर टीचर होत्या. मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अख्खी बस वळून माझ्याकडे बघत राहिली असती, आणि ते मला श्वास न मिळण्यापेक्षा वाईट वाटलं. बोईसरच्या आमच्या कॉलनीच्या गेटवर बाबा न्यायला आले होते. मी उतरले तेव्हा माझे ओठ निळे पडले होते, असं आई सांगते. बाबा त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कान लावायला लागले, एवढंच.

मला एम.एस्सी. पुण्याला करायची होती. हॉस्टेलवर राहून. हे मी जेवताना एकदाच म्हणाले होते आणि त्यावर ताटं उचलेपर्यंत कोणी काही बोललं नव्हतं. म्हणून डिसेंबरात आमच्या भटकंतीच्या ग्रुपचा मेळावा ठरला, तेव्हा मी परवानगी मागितली ती नुसती मेळाव्यासाठी नव्हती.

"दोन रात्री उघड्यावर?" बाबांनी विचारलं.

"उघड्यावर नाही. झाडांना जाळी बांधून त्यांत झोपायचं आहे."

"म्हणजे उघड्यावरच."

त्यांनी पेपरची घडी घातली. "जा. रविवारी आलीस की ऐकेन. मग पुण्याचं बघू."

मला त्याचा अर्थ सरळ कळला. रविवारी संध्याकाळी पाठीत शिट्टी असेल तर पुणे नाही.

मेळावा मनोरच्या पुढे, सूर्या नदीच्या काठच्या एका आमराईत होता. पालघर, बोईसर, डहाणू असे तीन ग्रुप मिळून पंचवीस-तीस जण. सरावलीच्या चाळींत राहणारी, कारखान्यांत काम करणारी पाच-सहा मुलं होती, ती आपसात हिंदी बोलायची. आम्ही मुली सहा, आणि आमच्यावर एक ताई. ताई पालघरच्या एका शाळेत पीटी शिकवायच्या, आणि गळ्यातली शिट्टी त्यांनी सुट्टीतही काढलेली नव्हती.

आदल्या वर्षी जमिनीवर झोपलेल्या एकाला विंचू चावला होता, म्हणून ताईंनी यंदा जमिनीवर अंथरूण घालायला बंदी केली होती. जाळ्यांची कल्पना आमच्यातल्या, समुद्राकाठच्या नवापूरच्या मुलीची. तिचे वडील आणि भाऊ समुद्रावर जायचे. फाटलेली, टाकून दिलेली नायलॉनची जाळी त्यांनी दुहेरी करून, दोन्ही टोकांना जाड दोर ओवून दिली होती. ती मुलगी कॉलेजात माझ्याच वर्गात होती आणि माझ्याशी स्वतःहून बोलणारी ती एकटीच. मी इंग्रजी शाळेतली. माझं मराठी घरातलं आणि पुस्तकातलं. "तू बोलतेस का वाचून दाखवतेस?" असं ती मला विचारायची.

तिने माझी जाळी तिच्या शेजारी बांधली, दोराला लोंबकळून बघितलं आणि म्हणाली, "चढ. बोंबील काय, म्हैस घातली तरी तुटायची नाय."

"मी कोण, बोंबील का?"

"तू बोंबीलच. काटा पन नाय तुझे अंगात."

पहिल्या रात्री मी अंगावर दोन ब्लँकेटं घेतली, त्यावर आईची लोकरीची शाल. पायांत दोन-दोन मोजे, डोक्याला मफलर. खाली, जाळीवर, फक्त एक चादर. सगळ्यांनीच तसं केलं होतं. घरी पांघरूण वर घेतात. खाली गादी असतेच, तिचा विचार करावा लागत नाही. तासाभराने माझी पाठ गार पडू लागली. वरून मी तापलेली होते आणि खालून कोणीतरी ओलं फडकं दाबून धरल्यासारखं वाटत होतं. नदीवरून येणारा वारा जाळीच्या भोकांतून सरळ आत शिरत होता. कुशीवर वळावं तर जाळं वळू देत नव्हतं. मी एक ब्लँकेट ओढून पाठीखाली घेतलं. माझ्याच वजनाने ते चपटं झालं आणि त्यातून काही ऊब मिळेना.

पहाटे छातीत शिट्टी वाजायला लागली. आधी अगदी बारीक, श्वास सोडताना. मी तोंडावर शाल घेतली. शेजारच्या जाळ्यात नवापूरची शांत झोपली होती.

उजाडल्यावर सगळे शेकोटीभोवती जमले. "दीदी, इधर आओ, आग के पास," असं सरावलीच्या एकाने मला जागा करून देत म्हटलं. मी गेले. ओली लाकडं धुमसत होती. दोन श्वासांतच कळलं की इथे बसता येणार नाही. गारठ्यात छाती आवळत होती आणि धुरात बंद होत होती. तोंड धुवायला जाते असं सांगून मी उठले. आमराईच्या राखणदाराचं झोपडं मागच्या बाजूला होतं. त्याच्या गोठ्याआड जाऊन मी खिशातून दम्याचा पंप काढला. तो किती उरलाय हे कळायला काही मार्ग नसतो, कानाशी हलवून अंदाज घ्यायचा. मी हलवला. आवाज फार कमी आला. दोनदा ओढला आणि डोळे मिटून भिंतीला टेकले.

डोळे उघडले तर समोर राखणदाराची बायको शेणाची पाटी घेऊन उभी. काळी, बारीक अंगाची, कंबरेला लुगडं खोचलेलं.

"तुझे छातीत मांजर बोलतं गं पोरी," ती म्हणाली.

"आता बरं आहे," मी म्हणाले.

"कोनाला सांगलंस?"

मी मान हलवली. "तुम्हीपण सांगू नका. प्लीज."

तिने पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "मी नाय सांगत. पन रातचं मांजर मोठं होल. मंग?"

ती गोठ्यात गेली. थोड्या वेळाने तिने मला पितळीत कोरा चहा आणून दिला, आलं ठेचून घातलेला. तो मी तिथेच उभी राहून प्यायले. पंप खिशात आहे ना, हे मी तोवर तीनदा चाचपून पाहिलं.

दुपारी जेवणं झाल्यावर ताईंनी शिट्टी वाजवली. "ऐका सगळे. कोणाला सर्दी, ताप, पोटात दुखतंय, काही असेल तर आत्ता सांगा. फाट्यावरून चारला एसटी आहे. त्यानंतर उद्यापर्यंत काही नाही. रात्री कोणी आजारी पडलं तर मी पाठुंगळीला मारून नेणार नाही."

लोक हसले. एका मुलाचा पाय मुरगळला होता, त्याने हात वर केला. त्याच्याबरोबर जायला आणखी एक तयार झाला. ताईंची नजर सगळ्यांवरून फिरली, माझ्यावरूनही, आणि पुढे गेली. मी हात वर केला असता तर सहा वाजता घरी असते. आईने पाणी तापवलं असतं, बाबांनी खिडकी लावली असती, आणि पुण्याचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नसता. मी दोन्ही हात शालीत ठेवले.

साडेतीनला ते दोघे फाट्याकडे निघाले. त्यातला एक लंगडत होता, दुसऱ्याच्या खांद्यावर दोघांच्या पिशव्या. मी त्यांना वळणापर्यंत जाताना बघितलं. तेव्हाही पळत जाऊन त्यांना गाठता आलं असतं. चार वाजून गेल्यावर मात्र मला घाम फुटला. आता समोर रात्र होती, पंप जवळजवळ रिकामा होता आणि मोटार आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती. डहाणूहून आलेल्या एकाची जुनी मोटरसायकल होती, पण ती सकाळीच तीन जणांनी ढकलून सुरू केलेली मी पाहिली होती.

ऊन उतरलं तसा गारठा आला. वारा पडला होता, पण त्याने थंडी कमी झाली नाही. ती नदीवरून उठून झाडांखाली साचत गेली. बाकीच्या मुलींनी कालच्या अनुभवावरून पांघरुणं वाढवायचा उद्योग चालवला होता. कोणी सतरंजी आणली, कोणी मुलांकडून जॅकेट मागून घेतलं. मी माझ्या जाळ्यावर पाय खाली सोडून बसले होते. मला कोणाशी बोलायचं नव्हतं. बोललं की श्वास मोडत होता आणि तो मोडलेला ऐकू गेला असता.

जेवणाच्या आधी राखणदाराची बायको आली. डोक्यावर लोखंडी घमेलं, त्यात राखेखाली लाल निखारे. ती सरळ माझ्याकडे आली, काही न विचारता ते घमेलं माझ्या जाळ्याखाली सरकवलं आणि हाताने राख पसरली.

मग एक मुलगी खिदळली. "अगं बाई! बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवतात तशी शेगडी!"

"मुलगा का मुलगी झाली गं?" दुसरीने विचारलं.

"आता डिंकाचे लाडू कोण आणणार?"

सगळ्या हसत सुटल्या. बाळंतिणीला खालून शेक देतात हे मला माहीत होतं. माझ्या मावशीला दिलेला पाहिला होता. माझे कान तापले. खालून येणारी ऊब मात्र पाठीपर्यंत पोहोचली होती, आणि ती इतकी बरी वाटत होती की मी उठले नाही.

तेवढ्यात नवापूरची धावत आली. "उचल! उचल ते! नायलॉन हाय! तुमचा काथ्या नाय हा! आख्खी पोरगी निखाऱ्यावर पडल!" आणि तिने माझा हात धरून मला खाली ओढलं.

राखणदाराची बायको बावरली. जाळ्याची दोरी तिने दोन बोटांत धरून बघितली. "आमचे बाजेला तं असंच ठेवतात," ती हळूच म्हणाली. मग तिने घमेलं ओढून बाजूला घेतलं. जाळ्याच्या खालच्या दोन धाग्यांना आधीच गाठी पडल्यासारखे काळे मणी झाले होते.

गडबड ऐकून ताई आल्या. "काय चाललंय? शेकोटी तिकडे असताना हे इथे कशाला? आणि हिच्याच खाली का?"

प्रश्न राखणदाराच्या बायकोला होता. तिने ताईंकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिने सकाळी शब्द दिला होता आणि तो ती पाळत होती. हातांवर राख, चेहरा चोरट्यासारखा झालेला, आणि तरी गप्प. सगळ्यांना वाटत होतं की या बाईला काही कळत नाही, हिने आत्ता जाळी पेटवली असती. मी काही बोलले नसते तर ते तसंच राहिलं असतं, आणि ती घमेलं उचलून निघून गेली असती.

"मला दमा आहे," मी म्हणाले.

आवाज फार बारीक आला. ताईंनी "काय?" म्हटलं. मला ते पुन्हा सांगावं लागलं, आणि या वेळी मध्येच श्वास तुटला. "दमा आहे. सकाळपासून त्रास होतोय. पंप संपत आलाय. यांना माहीत होतं. मीच सांगू नका म्हटलं होतं. माझी पाठ गार पडते म्हणून त्यांनी ते आणलं."

कोणी हसलं नाही. आठवीतल्या बसमध्ये ज्याची भीती वाटली होती तेच झालं, पंचवीस माणसं माझ्याकडे बघत उभी राहिली. मी नवापूरचीच्या पायांकडे बघत राहिले. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, त्याला जाळ्याचा निळा धागा बांधलेला होता.

"चारच्या आधी विचारलं होतं ना मी?" ताईंचा आवाज चढला. "हात का नाही वर केलास? विसाव्या वर्षी एवढी अक्कल नाही? तुला काही झालं तर तुझ्या घरच्यांना मी काय तोंड दाखवू?" त्या बोलत होत्या आणि बोलता बोलताच त्यांनी माझी नाडी धरली होती. मग तशाच रागात त्यांनी मोटरसायकलवाल्याला हाक मारली. "तुझी ती गाडी आत्ता चालू कर. मनोरला औषधाचं दुकान उघडं असेल. हिच्या पंपाचं नाव लिहून घे. बंद असेल तर डॉक्टरचं दार वाजव. पंप घेतल्याशिवाय येऊ नकोस."

तिघांनी ढकलली आणि गाडी सुरू झाली. तिचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू येत होता.

"आता हिला खालून ऊब कशी द्यायची ते बघा," ताई म्हणाल्या. "जमिनीवर झोपवायची नाही."

राखणदाराची बायको म्हणाली, "पेंढा हाय. नवा, भाताचा."

"पेंढ्याची धूळ उडते," मी म्हणाले. इतकं बोलल्यावर हे बोलायला काही वाटलं नाही. "धुळीने पण होतं मला."

"तिकडं लांब जाऊन झटकू. मंग गोणीत भरू. तोंड शिवू. मंग कुठून उडल?"

"पण अंगाखाली घेतला तर चपटा होणार," मी म्हणाले. "काल ब्लँकेटचं तसंच झालं."

नवापूरची जाळ्याभोवती फिरली, वाकून खालून बघितलं. "अंगाखाली नायच घ्यायचा. जाळ्याचे खाली टांगू. गोणी वेगळी लोंबल, तुझं वजन तिच्यावर येनार नाय. वारा तिथंच अडकल." तिने कंबरेच्या पिशवीतून जाळं विणायची लाकडी सुई काढली. ती सुई ती कॉलेजातही घेऊन यायची, आणि आम्हाला ते विचित्र वाटायचं.

दोघींनी मिळून ते काम केलं. राखणदाराच्या बायकोने झोपड्यामागे पेंढा झटकून तीन गोण्या भरल्या, फार ठासून नाही, हाताने दाबली तर वर येईल इतक्याच. नवापूरचीने कंदिलाच्या उजेडात त्यांची तोंडं शिवली, तिन्ही गोण्या एकमेकींना जोडल्या आणि दोन्ही कडांना धागे ओवून माझ्या जाळ्याच्या पोटाखाली बांधल्या. सुई आत-बाहेर जात होती आणि त्या दोघी भांडत होत्या.

"घट नको बांधू गं. दाबलास तं थंड पडल."

"मावशी, गाठ कशी मारायची ते मला नको शिकवू."

"निखारा ठेवायला मी चुकली. पेंढा माझा बराबर हाय."

"हाय, हाय. पेंढा तुझा बरोबर हाय."

मी झोपले तेव्हा ताईंनी आपलं जाळं माझ्या डोक्याशी बांधून घेतलं होतं. छाती आवळलेलीच होती. उशाशी पिशव्या ठेवून मला अर्धवट बसतं केलेलं. पाठीखाली पाच-सात मिनिटं काहीच कळलं नाही. मग हळूहळू माझीच ऊब माझ्याकडे परत यायला लागली. पण मोटरसायकल आली नव्हती. मी श्वास मोजत होते, आणि मधेमधे ताई अंधारातून विचारत होत्या, "आहेस का?" मी म्हणायची, "आहे." असं किती वेळ चाललं माहीत नाही. शेवटी गाडीचा फाटका आवाज आला, आणि नवापूरची अनवाणी पळत जाऊन पंप घेऊन आली. नवा पंप हातात जड लागतो. मी दोनदा ओढला. पहाटे दव पडलं, जाळ्याच्या दोरांवरून पाणी ठिबकत होतं, आणि माझी पाठ कोरडी, उबदार होती.

निघताना मी राखणदाराच्या बायकोला शाल देऊ केली. तिने घेतली नाही. "गोणी सोडून दे माझे. बैलाला पेंढा लागल," एवढंच म्हणाली. आम्ही दोघींनी बसून टाके उसवले.

रविवारी संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा बाबा पुढच्या खोलीतच होते. मी पिशवी ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ केली. लपवायचं कसं याचा विचार मी बोईसरपर्यंत केला होता. श्वास उथळ घेतला तर शिट्टी कमी ऐकू येते हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी पूर्ण श्वास घेतला.

बाबांनी कान टेकवला. बराच वेळ काढला नाही.

"आहे," ते म्हणाले.

"हो. काल जास्त होती."

"मग?"

"सांगितलं मी."

"कोणाला?"

"सगळ्यांना," मी म्हणाले. मग निखारे, नायलॉन, गोणी, मनोरचा पंप, सगळं सांगितलं. चारच्या एसटीचंही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती तरी. त्यावर बाबांचा चेहरा बदलला आणि ते काहीतरी कडक बोलणार असं वाटलं. पण त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो दोनदा पुसला.

"आधी नाही सांगितलंस," ते म्हणाले.

"नाही. उशीर केला."

स्वयंपाकघरात आई पाणी तापत ठेवून दारात येऊन उभी राहिली होती. बाबा खिडकी लावायला उठले. कडी घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुण्याला थंडी इथल्यापेक्षा जास्त असते. हॉस्टेलच्या खाटा लोखंडी असतात. खालून गार लागेल. गादी इथूनच नेऊ, चांगली जाड."